मनिलात भेटलेला वैशाख

मनिलाला आमचे चारच दिवस होते, बाकीची मंडळी बोराकायच्या बीचचं प्लॅनिंग करत बसली आणि मी आईला घेऊन सकाळीच मानववंशशास्त्राचं नॅशनल म्युझियम गाठलं, कारण मला लागुनाचा ताम्रपट बघायचाच होता. वहीच्या पानापेक्षा जरासा मोठा, पातळ, काळपट पत्रा, नदीतली वाळू काढताना सापडलेला. लिपी कावी, भाषा जुनी मलय, एक अक्षर लागत नाही. पण त्यावरची तारीख काय आहे माहितीये? शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. मी हे वाचून दाखवलं तर आई पटकन म्हणाली, "अगं, म्हणजे संकष्टी!" माझ्या अंगावर खरंच काटा आला. इ. स. ९०० मधलं हे लिखाण, कथा नाही की कविता नाही, नामवारन नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज माफ झाल्याचा कागदच म्हणा, पण फिलिपिन्समधल्या लेखी शब्दाचा सगळ्यात जुना पुरावा हाच.

तिथेच बायबायिन ही इथली जुनी लिपी पण बघितली. अक्षरात 'अ' आपोआप असतो, वर टिंब दिलं की इ किंवा ए, खाली दिलं की उ किंवा ओ, म्हणजे आपली वेलांटी-उकारच की! १५९३ मध्ये स्पॅनिश मिशनऱ्यांनी मनिलात धर्माचं पुस्तक छापलं त्यात ही लिपी आहे, पुढे मात्र रोमन अक्षरांनी तिला बाजूला सारलं. तरी इथली तागालोग भाषा टिकली, १८३८ मध्ये कवी बालागतासने तिच्यात दीर्घकाव्य लिहिलं आणि ते लोक आजही वाचतात. डोंगरातल्या इफुगाव जमातीच्या बायका भातकापणीला हुडहुड नावाची पारंपरिक गाणी गातात ते तर कागदावर यायच्या कितीतरी आधीचं. आणि तागालोगमध्ये साहित्यरचनेला काय म्हणतात, तर 'काथा'. शिक्षक 'गुरो', आशा 'आसा'.

दुपारी सांतियागो किल्ल्यात गेलो. फिलिपिनो लेखक होसे रिझालला शेवटी इथेच कैदेत ठेवलं होतं. डोळ्यांचा डॉक्टर, स्पॅनिश राजवटीत पाद्र्यांचा जुलूम कादंबरीत मांडला, १८८७ मध्ये बर्लिनला छापली, आणि लिहिली स्पॅनिशमध्येच, राज्यकर्त्यांना समजावी म्हणून तर होतीच, पण शिकलेल्या फिलिपिनोंची लिहायची भाषा तीच झाली होती. ३० डिसेंबर १८९६ ला स्पॅनिशांनी त्याला गोळ्या घातल्या, वय ३५. शेवटची कविता स्पिरिटच्या छोट्या स्टोव्हमध्ये लपवून बहिणीच्या हाती दिली, आत काहीतरी आहे एवढंच हळूच इंग्रजीत सांगितलं, पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून.

आमच्या गाईडला आम्ही कुया म्हणत होतो, कुया म्हणजे दादा. त्याला विचारलं, ही कविता तुम्ही स्पॅनिशमध्ये वाचलीत का? तो म्हणाला, नाही, आमच्या घरात आता कुणालाच स्पॅनिश येत नाही. १९५६ च्या कायद्याने रिझाल शाळा-कॉलेजात सक्तीचा आहे, पण बहुतेक मुलं अनुवादच वाचतात. मला हे फार लागलं. मग त्याने तागालोगमधल्या चार ओळी म्हणून दाखवल्या, तोंडपाठ होत्या, डोळे मिटून म्हटल्या. क्रांतिकारक बोनिफासियोनेही ती कविता तागालोगमध्ये आणली होती, हे त्यानेच सांगितलं.

रिझाल कोठडीतून निघून जिथपर्यंत चालत गेला त्या वाटेवर धातूची पावलं बसवलीयेत. पर्यटक त्यावर पाय ठेवून फोटो काढत होते. आईने मात्र चप्पल कुठल्याच पावलावर पडू दिली नाही, शेवटपर्यंत कडेकडेने चालली.