मुंबईहून परत आलेला कूलर

मे महिन्यातली दुपार. जालन्यात त्या दिवशी ४१ अंश होतं आणि दुकानात चार कूलर पोट उघडून पडले होते. तेवढ्यात टेम्पो थांबला आणि आमचे शाळेतले विज्ञानाचे सर उतरले. मागं मीच बनवलेला लोखंडी कूलर. मार्चमध्ये त्यांनी तो मुलासाठी दादरला पाठवला होता.

"काय रे, मलाच फसवलंस? पोरगं म्हणतंय, कूलर लावला की अंग आणखीनच चिकचिकतं."

सरांच्या हातची छडी खाल्लेली, त्यामुळं उलट बोलायची सोय नव्हती. गवत पाहिलं, पंप पाहिला, पंख्याची पाती फिरवून पाहिली. सगळं ठणठणीत. टाकी भरून चालू केला, झोतात थर्मामीटर धरला, तर २६! सर स्वतःच खुर्ची ओढून समोर बसले आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं. आता बोला.

"तुझ्या आयटीआयत ओल्या थर्मामीटरचा प्रयोग नव्हता का?"

होता. बल्बला ओलं सुती फडकं गुंडाळायचं आणि वारा द्यायचा. केलं. पारा २२ वर थांबला. पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढतं, तोच कूलरचा गारवा. म्हणून कूलर कितीही भारी असो, झोत या आकड्याच्या खाली जात नाही.

सरांनी मुलाला फोन लावला. तिकडं मोबाईलमध्ये ३४ अंश आणि ६४ टक्के आर्द्रता दाखवत होतं. दुकानाच्या भिंतीवर सायक्रोमेट्रिक चार्ट आहे, म्हणजे तापमान आणि आर्द्रतेवरून ओल्या थर्मामीटरचा आकडा सांगणारा तक्ता, वर्षानुवर्षं फक्त धूळ खाणारा. त्यावर बोट फिरवलं : दादरचा ओला थर्मामीटर २८. म्हणजे माझ्या कूलरला तिथं उतरायला सहाच अंश, त्यातलेही पुरते मिळायचे नाहीत, इथं एकोणीस. वर मुलानं खिडक्या गच्च लावलेल्या, एसी लावल्यासारख्या. ओल्या हवेत आणखी ओल कोंडली. मग घाम वाळणार कसा?

सरांना फळा लागतोच. त्यांनी फरशीवर खडूनं मुंबई काढली : पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला समुद्र, पूर्वेला खाडी आणि बंदर. मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी तिशीच्या आसपास, त्यातून वाफ सुटतच असते. दुपारी जमीन तापली की तीच हवा शहरात शिरते. आपल्याकडची झळ शेकडो किलोमीटर भाजलेल्या रानावरून येते, तिला पाणी मिळणार कुठं? हिशेब केला, तर एका घनमीटर हवेत इथं सुमारे १० ग्रॅम वाफ, तिथं २४.

मुलगा फोनवरून म्हणाला, "काका, हे सगळं टॉवरांमुळं होतंय."

टॉवर पाणी बनवत नाहीत. वारा अडवतात, रात्री उशिरापर्यंत तापलेले राहतात, त्यामुळं जीव जास्त घुसमटतो, एवढं खरं. पण कोंदटपणाचं मूळ समुद्रातच. मी त्याला शेजारच्यांच्या एसीची नळी बघायला सांगितली. "बादली भरते काका!" ते पाणी खोलीच्या हवेतलंच. आमच्याकडं मेमध्ये नळी धरून बसलं तरी थेंब मोजता येतात.

कूलर ठेवून घेतला, पैसे परत दिले. सर नको म्हणत होते, पण टेम्पोचं भाडं तरी त्यांनाच पडलं होतं.

जाताना पायरीवर थांबून ते म्हणाले, "म्हणजे मृगाचा पाऊस पडला की इथलाही कूलर असाच वागत असेल?"

मी मान हलवली आणि पान्हे गोळा करायला लागलो. दर जूनला फोन येतात : कूलर बिघडला, गार हवा देत नाही. दर जूनला मी जातो, पंप बदलतो, गवत बदलतो आणि पैसे घेतो. सरांना एवढं काही सांगितलं नाही.