मॅक्वारींच्या मूळ गावी: उल्वा बेट

सिडनीत राहायला लागल्यापासून मॅक्वारी या आडनावापासून सुटका नाही. मॅक्वारी स्ट्रीट, मॅक्वारी युनिव्हर्सिटी, बँक, नदी, पोर्ट मॅक्वारी, आणि खाली अंटार्क्टिकाच्या वाटेवर पेंग्विनांनी भरलेलं मॅक्वारी आयलंड ते वेगळंच. हे सगळं ज्याच्या नावाने आहे तो लॅकलन मॅक्वारी 1810 ते 1821 न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता, पण त्याचं मूळ गाव स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं उल्वा नावाचं छोटंसं बेट. यंदा स्कॉटलंडला जायचंच होतं, मग म्हटलं तेही बघून टाकू. (उल्वा म्हटल्यावर ग्रुपवर दोघांनी "नवी मुंबईतलं उलवे का रे?" असं विचारलंच.)

ओबानहून मोठ्या फेरीने पाऊण-एक तासात मल बेटावर, तिथून गाडीने एकपदरी रस्ता, समोरून कोणी आलं की कुठल्यातरी फुगवट्यात गाडी घालून थांबायचं, हात करायचा आणि पुढे निघायचं. रस्ता संपतो तिथे उल्वा फेरी. समोर अगदी हाकेच्या अंतरावर बेट दिसतं. धक्क्यावर एक पाटी आहे, तिच्यावरची फळी सरकवली की खाली लाल रंग उघडा पडतो, तो पलीकडून दिसला की होडीवाला येतो. फोन नाही, अॅप नाही, तिकिटाची खिडकी नाही. मला हे भयंकर आवडलं. बेटावर गाड्या नाहीत, सगळं पायी.

चालताना पहिल्यांदा काय जाणवतं तर डोंगर. पायऱ्यापायऱ्यांचे, वर सपाट, म्हणजे सह्याद्रीच कोणीतरी बुटका करून इथे ठेवलाय असं वाटतं. आणि ते उगाच नाही, हाही बेसाल्टच, साधारण 6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आपल्या दख्खनच्या पठारापेक्षा थोडासाच तरुण. षटकोनी खांबांसाठी जगप्रसिद्ध असलेलं स्टाफा बेट इथून जवळच आहे आणि तेही एकेकाळी मॅक्वारींचंच होतं.

मॅक्वारी म्हणजे ग्वाइरेचा वंशज. हा ग्वाइरे कोण, तो खरंच होऊन गेला का, हे सगळं परंपरेवर, पण कागदोपत्री उल्व्याचा एक जॉन मॅक्वारी 1473 मध्ये वारल्याची नोंद सापडते. क्लॅन (म्हणजे एका आडनावाचं कूळ, त्याचा एक प्रमुख) तसा लहानच, आजूबाजूच्या मॅक्लीन आणि मॅक्डॉनल्ड अशा दांडग्या घराण्यांच्या आडोशाला राहणारा. 1651 मध्ये इन्व्हरकीदिंगच्या लढाईत इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याने यांचा प्रमुख आणि त्याची बरीचशी माणसं कापून काढली, तिथून जी उतरती कळा लागली ती लागलीच.

1773 च्या ऑक्टोबरात इंग्रजी शब्दकोशवाले डॉ. जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार बॉसवेल इथे एक रात्र मुक्कामाला होते. प्रमुखाने सांगितलं की 900 वर्षं हे बेट आमच्याकडे आहे. वाडा कसला, साधं घर होतं, झोपायला अंथरूण उत्तम पण खिडकीच्या फुटक्या काचेतून पाऊस आत येऊन मातीच्या जमिनीचा चिखल झालेला, त्यातच पाय ठेवून जॉन्सनसाहेबांनी कपडे बदलले. 900 वर्षांचा मान आणि पायाखाली चिखल, आपल्याकडच्या मोडकळीला आलेल्या देशमुखी वाड्यांच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे काही नवीन नाही. कर्ज इतकं होतं की 1777 मध्ये बेट विकायला लागलं, आणि प्रमुख साठी उलटल्यावर सैन्यात भरती झाला! तो गेला 1818 मध्ये, 103 वर्षांचा होऊन असं सांगतात. तेव्हापासून या क्लॅनला प्रमुख नाही.

गव्हर्नर मॅक्वारी याच भाऊबंदांतला, पण गरीब घरचा. तो 1788 मध्ये 77 व्या रेजिमेंटबरोबर मुंबईला आला, 1793 मध्ये मुंबईतच जेन जार्विसशी लग्न केलं. जेन कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटाच्या मळेवाल्यांची श्रीमंत मुलगी, म्हणजे तो पैसा गुलामांच्या घामाचा. ती तीनच वर्षांत मकाऊला क्षयाने गेली, आणि या माणसाने तिचा देह जहाजाने परत मुंबईला आणून 1797 मध्ये तिथे पुरला. पुढे त्याने मलवर जमीन घेतली तिचं नावही जार्विसफील्ड ठेवलं. दुसरं लग्न झाल्यावरही ते नाव तसंच राहिलं.

बाकीच्या मॅक्वारींचं काय झालं ते बघायला उल्व्यावरच्या ओर्मेग या ओसाड गावाला जायचं. दक्षिण किनाऱ्याने चांगली तंगडतोड आहे. कमरेएवढं नेचं, त्यातून डोकं काढणाऱ्या दगडी भिंती, छप्पर नाही, दाराच्या उंबऱ्यावर मेंढ्यांच्या लेंड्या. बाजूच्या उतारावर बटाट्याच्या वाफ्यांच्या वरंब्या अजून नीट मोजता येतात. 1837 च्या सुमाराला बेटावर 600 माणसं होती. समुद्रातलं शेवाळ जाळून त्याची राख काच आणि साबणाच्या कारखान्यांना विकायची यावर सगळं चालायचं, नेपोलियनची युद्धं संपल्यावर भाव कोसळले. 1846 ला बटाट्यावर रोग आला आणि नवा मालक, क्लार्क नावाचा वकील, त्याने माणसं काढून मेंढ्या आणल्या. 1851 पर्यंत दीडशेच्या आसपास लोक उरले. यातले आणि आजूबाजूच्या बेटांवरचे कितीतरी जण कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेले, आडनावाचं स्पेलिंग जाईल तिथे बदललं, नोव्हा स्कोशियाच्या केप ब्रेटनकडे आजही मॅक्वारी भेटतात.

काही जण त्याआधीच ग्लासगोकडच्या कापड गिरण्यांत गेले होते, त्यात आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचे आजोबा. नातू 1864 मध्ये आपली बोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आला आणि त्याच उन्हाळ्यात पूर्वजांचं उल्वा बघायलाही आला. त्याच्या शेवटच्या मोहिमेत आपल्या नाशिकच्या शरणपूरमध्ये शिकलेली आफ्रिकन मुलं होती, पण तो विषय परत कधीतरी.

परतताना मलवर ग्रुलीनला गव्हर्नरची समाधी बघितली. शेतातून चालत जायचं, दगडी चौकोनी बांधकाम आणि शिळेवर "ऑस्ट्रेलियाचा पिता". मला ते वाचून जरा अवघडच झालं, कारण याच पित्याने 1816 मध्ये पाठवलेल्या शिपायांनी सिडनीजवळच्या अॅपिनला किमान 14 आदिवासींना मारलं, त्यात बायकामुलं होती. त्या लोकांच्या जमिनी नंतर ज्यांना मिळत गेल्या त्यात स्कॉटलंडच्या हायलंड या डोंगराळ भागातून घालवलेले स्कॉटिशही होते. बळी आणि मालक एकाच आडनावात सापडतात, मग कुठल्या बाजूने हळहळायचं ते मला तरी ठरवता आलं नाही.

2018 मध्ये स्थानिक लोकांनी सरकारी निधीच्या जोरावर 45 लाख पौंडांच्या वर पैसे मोजून उल्वा विकत घेतलं, तेव्हा बेटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं राहत होती. आता घरं दुरुस्त करून कुटुंबं आणायचं चाललंय. जाणार असाल तर शनिवार टाळा, होडी बहुतेक नसते. मिजेस नावाचे डासांसारखे बारीक किडे चावतात, औषध लावून जा, आणि धक्क्याजवळच्या बोटहाउसमध्ये कालवं मिळतात, मी दोन प्लेट खाल्ली.