उपमा, उत्प्रेक्षा की रूपक?

दहावीची मुले आणि त्यांचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात : उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक या अलंकारांतला फरक ओळखायचा कसा? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेकांनी शब्दांची यादी पाठ केलेली असते. 'सारखा', 'परी', 'सम' आले की उपमा आणि 'जणू', 'गमे', 'भासे' आले की उत्प्रेक्षा. ही यादी चुकीची नाही, परंतु केवळ तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. 'गवा गाईसारखा दिसतो' या वाक्यात 'सारखा' आहे, तरी अलंकारशास्त्र त्याला उपमा अलंकार म्हणणार नाही, कारण त्यात माहिती आहे, चमत्कृती नाही. म्हणून आधी ज्याचे वर्णन चालले आहे ते उपमेय शोधावे, मग ज्याच्याशी त्याचे नाते जोडले आहे ते उपमान शोधावे आणि त्या दोघांत कवीने किती अंतर ठेवले आहे ते पाहावे.

पावसाळ्यात घाटातला धबधबा पाहून कोणी म्हणाले, 'धबधबा दुधासारखा शुभ्र दिसतो', तर धबधबा आणि दूध वेगळे राहिले, फक्त शुभ्रपणा दोघांत समान ठरला, ही उपमा. 'धबधबा म्हणजे जणू डोंगराला फुटलेला पान्हाच' असे म्हटले की बोलणारा कल्पनेने धबधब्याला पान्हा मानू लागतो, तरी ती कल्पना आहे याचे भान 'जणू'मध्ये शिल्लक असते, ही उत्प्रेक्षा. 'धबधबा हाच डोंगराचा पान्हा आहे' या वाक्यात तेही भान सोडून दोघे एकच मानले आहेत, हे रूपक. आणखी पुढे जाऊन धबधब्याचे नावच गाळले आणि 'डोंगराचा पान्हा खोऱ्याला पोसतो आहे' एवढेच म्हटले, तर उपमानाने उपमेय पूर्ण गिळून टाकले. तिला रूपकातिशयोक्ती म्हणतात. ही पायरी शाळेत सहसा शिकवत नाहीत, पण ती कळली की आधीच्या तिन्ही अधिक स्पष्ट होतात, असे माझे मत आहे.

यादीची खरी परीक्षा मात्र ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात होते. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें। परि अमृतातेंही पैजा जिंके।' ही ओवी पाहा. उपमेय मराठी बोल आणि उपमान अमृत. येथला 'परि' पाहून घाईने उपमा लिहिण्याचा मोह होतो, पण त्याचा अर्थ 'प्रमाणे' नसून 'परंतु' असा आहे. शिवाय मराठी बोल अमृतासारखा गोड आहे, एवढ्यावर ज्ञानेश्वर थांबत नाहीत. तो अमृताशी पैज लावून जिंकतो, म्हणजे उपमेय उपमानाहून सरस ठरते. त्यामुळे हा व्यतिरेक अलंकार आहे.