सरकारी सायकलीसाठी फोनवर पैसे मागतो तो चोरच

दिव्यांगांच्या सरकारी कॅम्पमधली तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, कुबड्या मिळवून देतो म्हणून कोणी फोनवर पैसे मागत असेल तर तो चोर आहे, मग तो किती का गोड बोलेना. आमच्या दारव्हा तालुक्यात असे फोन येऊन राहिले. 'एलिम्कोतून बोलतो, तुमच्या मुलाची बॅटरीवाली सायकल मंजूर झाली, फाइल चार्ज पाठवा, आज शेवटची तारीख.' शेजारच्या काकू तर उसने पैसे मागायला आमच्याकडं आल्या म्हणून वाचल्या. जी माय पोराला कडेवर घेऊन दवाखाने फिरली तिलाच लुटायला यांचं मन कसं धजते, लय राग येते.

एलिम्को ही दिव्यांगांची साधनं बनवणारी कानपूरची खरीखुरी सरकारी कंपनी आहे, म्हणूनच तिचं नाव सांगतात. एडिप योजनेत, म्हणजे अशी साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत, कमीत कमी 40 टक्के दिव्यांगत्व लागते, उत्पन्नाचा दाखला लागते, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवलेलं बरं, आणि मोजमाप कॅम्पात किंवा एलिम्कोच्या केंद्रात होते. कोणाला थोडीफार रक्कम भरावी लागलीच तर ती तिथं, पावतीवर, अनोळखी माणसाच्या यूपीआयवर नाही. शंका आली तर यवतमाळला जिल्हा परिषदेत जाऊन विचारा. आणि हो, ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, ते ग्रामसेवकाला विचारायला लाजू नका, तो हक्क आहे.

फेसबुकवर अर्ध्या किमतीत व्हीलचेअर दिसली, दुकानाचा पत्ता नाही, वरून आधी पूर्ण पैसे मागतात, तर सोडून द्या. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या वेबसाइटवर फुकटात तपासता येते. पार्सल आलं तर खोलतानाचा व्हिडिओ काढा.

जुनी बॅटरीवाली सायकल घेताना मात्र सगळ्यात जास्त फसवतात, कारण रंग मारला की नवीनच दिसते. रिकामी चालवून पाहू नका, रात्रभर चार्ज करा म्हणा आणि दुसऱ्या दिवशी ज्याला वापरायची त्यालाच बसवून गावाबाहेरच्या चढावर न्या, थकलेली बॅटरी रिकाम्या गाडीला ओढते पण वजन पडलं की बसते. नवीन बॅटरीचा भाव आधी काढा, मग सौदा करा. साधी व्हीलचेअर घ्यायची तरी घराच्या दाराची रुंदी मोजून न्या, आपल्याकडची जुनी दारं अरुंद असतात आणि दुकानदार ते विचारत नाही.

पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना परत परत सांगा. गेलेच पैसे तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी नंबरला फोन लावा, व्यवहाराचा नंबर जवळ ठेवा, बँकेलाही कळवा. घरचे रागावतील म्हणून बाया रात्रभर गप्प बसतात अन् तेवढ्यात पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात निघून जातात, म्हणून त्यांच्यावर ओरडू नका, आधी फोन लावून द्या.