बिल शाखेतून अंतर्गत ऑडिटमध्ये : माझा अनुभव

आमच्याच संस्थेत अंतर्गत लेखापरीक्षकाची जागा निघाली तेव्हा शाखेतल्या बहुतेकांचं मत होतं, ‘तुला काय अवघड? तू रोज ऑडिटच तर करतेस.’ मी एका सरकारी संस्थेच्या देयक शाखेत होते. पुरवठादाराचं बिल आलं की पर्चेस ऑर्डर, मालाची पोच आणि बिल हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवायचे. नग जुळतात का, दर जुळतो का, मंजुरी देणाऱ्याला तेवढ्या रकमेचे अधिकार आहेत का, एवढं बघून बिल पुढे सोडायचं, नाहीतर शेरा मारून परत पाठवायचं. वरवर पाहता हे ऑडिटच वाटतं. प्रत्यक्षात ते ऑडिट नव्हे, आणि माझा अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत सगळं शेवटी ह्याच फरकावर येऊन ठेपलं.

फरक असा. बिल तपासणं हे स्वतःच एक नियंत्रण आहे. ते संस्थेच्या रोजच्या कामाचा भाग आहे. अंतर्गत लेखापरीक्षक बिल तपासत नाही. बिल तपासण्याची पद्धत चालते का, हे तपासतो. अंतर्गत लेखापरीक्षकांच्या जागतिक संस्थेने, म्हणजे आयआयएने, ह्यासाठी तीन फळ्यांची मांडणी केली आहे. काम करणारे आणि त्यातली जोखीम सांभाळणारे पहिल्या फळीत, त्यांना जोखमीबाबत मदत आणि आव्हान देणारे दुसऱ्या फळीत, आणि ह्या दोघांकडे बाहेरून बघणारं अंतर्गत ऑडिट तिसऱ्या फळीत. आधी हिला ‘संरक्षणाच्या तीन फळ्या’ म्हणत, २०२० साली ह्या मांडणीची नवी आवृत्ती आली आणि नावातला ‘संरक्षण’ हा शब्द गेला. मी पहिल्या फळीत होते. तिसऱ्या फळीत यायला मी लायक आहे हे मला अर्जातून दाखवायचं होतं.

जाहिरातीत निकषांचे दोन भाग होते, आवश्यक आणि इष्ट. सरकारी भरतीत हा भाग शांतपणे वाचावा. छाननी करणाऱ्यांसमोर तेच निकष आणि त्यापुढे गुणांचा रकाना असतो. जिथे पुरावा सापडेल तिथे गुण पडतात, बाकी मजकूर कितीही छान असो. आवश्यक निकषांत लेखाशास्त्राची पदवी, आर्थिक नियंत्रणांचा अनुभव आणि अहवाल लिहिता येणं होतं. इष्टमध्ये सीआयए, म्हणजे आयआयएची ‘सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर’ ही पात्रता किंवा त्याचा अभ्यास सुरू असणं. सीआयएचे तीन भाग असतात. पहिल्यात १२५ प्रश्न आणि १५० मिनिटं, उरलेल्या दोन्हींत प्रत्येकी १०० प्रश्न आणि १२० मिनिटं. माझा पहिला भाग झालेला होता. तो मी तेवढाच लिहिला, ‘लवकरच पूर्ण होईल’ वगैरे जोडलं नाही. ऑडिटच्या जागेसाठी अर्ज करताना सिद्ध न होणारं वाक्य लिहिणं मला विनोदी वाटतं.

माझ्याबरोबर अर्ज भरणाऱ्या एकाने अनुभवाच्या रकान्यात ‘मी अत्यंत प्रामाणिक, काटेकोर आणि बारकाईने काम करणारा आहे’ असं लिहिलं होतं. असेलही. पण परीक्षकाने त्यावर गुण द्यायचे कसे? मी त्या रकान्यात एकच प्रसंग लिहिला. आमची संगणक प्रणाली एकाच पुरवठादाराचा एकच बिल क्रमांक दुसऱ्यांदा घेत नसे, त्यामुळे दुहेरी पेमेंट अशक्य आहे असं सगळे धरून चालायचे. एकदा माझ्या हाती आलेलं बिल ओळखीचं वाटलं. शोधल्यावर कळलं की आधी ते ‘४५’ म्हणून नोंदलं गेलं होतं आणि आता ‘०४५’ म्हणून आलं होतं. प्रणालीच्या लेखी ती दोन वेगळी बिलं. मी ते बिल थांबवलं, हे झालं शाखेचं काम. त्यानंतर पुरवठादार, रक्कम आणि बिलाची तारीख ह्या तिन्हींवर जुळणाऱ्या जुन्या नोंदी एक्सेलमध्ये काढल्या, शून्य, आडवी रेघ, मोकळी जागा ह्यांमुळे अशा आणखी जोड्या सुटल्याचं वरिष्ठांना लेखी कळवलं, आणि क्रमांक कसा नोंदवायचा ह्याचा नियम ठरला. अर्जात मी हा दुसरा भाग जास्त जागा देऊन लिहिला. परिस्थिती काय होती, माझ्यावर काय सोपवलं होतं, मी काय केलं, त्यातून काय झालं, असा क्रम ठेवला. आणि ‘आम्ही’ न लिहिता ‘मी’ लिहिलं. आपल्याला ते उद्धटपणाचं वाटतं, पण ‘आम्ही’मधून एकट्या उमेदवाराचा वाटा कोणालाच काढता येत नाही.

छाननीतून नाव पुढे आल्यावर वाचन सुरू केलं. आयआयएची नवी जागतिक मानकं ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आहेत. जुन्या नोट्स फिरत असतात त्या बऱ्याचदा त्याआधीच्या असतात, तेवढं तपासून घ्यावं. नव्या रचनेत पाच विभाग आणि पंधरा तत्त्वं आहेत, आणि सार्वजनिक क्षेत्रात ती कशी लागू करायची ह्यावर स्वतंत्र मजकूर आहे. तो लहान आहे पण आमच्यासारख्यांनी आधी तोच वाचावा. कोसो ह्या अमेरिकेतल्या लेखा आणि ऑडिट संघटनांच्या संयुक्त समितीने बनवलेल्या अंतर्गत नियंत्रण चौकटीचे पाच घटकही पक्के केले : नियंत्रणाचं वातावरण, जोखमीचं मूल्यमापन, नियंत्रणाच्या कृती, माहिती आणि संवाद, देखरेख. पाठ करून उपयोग नाही. माझं ‘०४५’चं बिल ह्यातल्या कुठल्या घटकात बसतं हे सांगता आलं पाहिजे.

लेखी परीक्षेत एक कल्पित प्रकरण दिलं होतं, आणि ते फार सुंदर रचलेलं होतं. एका विभागाने फर्निचर घेतलेलं. ठरावीक मर्यादेपर्यंत तीन कोटेशनवर खरेदी, त्यापुढे निविदा, असा नियम. सोबत बिलांची यादी, त्यातली काही एकाच पुरवठादाराची, लागोपाठच्या तारखांची आणि प्रत्येक रक्कम मर्यादेच्या जरा खाली. एकच मोठी खरेदी निविदेच्या मर्यादेखालच्या तुकड्यांत विभागली आहे, हे कोणालाही दिसतं. गंमत कोटेशनमध्ये होती. तीन वेगळ्या पुरवठादारांच्या कोटेशनमध्ये एका वस्तूचं नाव सारखंच चुकीचं लिहिलेलं होतं, आणि मालाच्या पोचेवर सही करणारा माणूस मागणी करणाराच होता.

प्रश्न होता, ‘निरीक्षण लिहा.’ इथे हात शिवशिवतात आणि ‘संगनमताने भ्रष्टाचार झाला आहे’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण समोरच्या कागदांतून एवढंच सिद्ध होत होतं की खरेदीचे तुकडे पडले आहेत आणि कोटेशन स्वतंत्रपणे आली असण्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. मी ऑडिट निरीक्षणाच्या नेहमीच्या साच्यात लिहिलं : प्रत्यक्षात काय आढळलं, नियम काय सांगतो, असं का झालं, त्याचा परिणाम काय, आणि काय करावं. ‘असं का झालं’ हा भाग सगळ्यात कठीण. ‘कर्मचाऱ्यांचं दुर्लक्ष’ हे कारण नसतं, तो शेरा असतो. मी लिहिलं की प्रणाली प्रत्येक बिल सुटं तपासते, एका पुरवठादाराची ठरावीक काळातली बेरीज कोणीच बघत नाही, आणि मागणी आणि पोच ही दोन कामं एकाच हातात आहेत. गैरप्रकाराची शंका मात्र निरीक्षणात न घालता वेगळ्या परिच्छेदात लिहिली आणि ती आधी लेखापरीक्षण प्रमुखांना कळवावी, विभागाला नाही, असं सुचवलं.

बाहेर आल्यावर एक उमेदवार सांगत होता की त्याने उत्तरात बेनफर्डचा नियम वापरला. नैसर्गिकपणे साठत गेलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के असतं, तो हा नियम. नियम खराच आहे आणि मोठ्या नोंदींवर कामाचाही आहे. पण पानभर यादीवर तो चालत नाही, आणि सगळ्या रकमा मर्यादेखाली बसवलेल्या आहेत हे डोळ्यांनी दिसत असताना त्याची गरजही नाही. ज्ञान दाखवायची खाज ऑडिटच्या उत्तरात आवरावी.

मुलाखतीला समोर तिघं होते. लेखापरीक्षण प्रमुख, मनुष्यबळ विभागाचे एक अधिकारी आणि ज्यांच्या विभागाचं नेहमी ऑडिट होतं अशा एक बाई. बाह्य आणि अंतर्गत ऑडिटमधला फरक विचारला. मी सरकारी लेखापरीक्षण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९७७च्या लिमा घोषणेचा आधार घेतला : अंतर्गत ऑडिट संस्थाप्रमुखाच्या अखत्यारीत असतं, तरी संघटनात्मक चौकटीत शक्य तितकं स्वतंत्र असावं, आणि ते किती परिणामकारक आहे हे बाह्य लेखापरीक्षकाने तपासावं. मग प्रमुखांनी विचारलं, “समजा वरून निरोप आला, हा मुद्दा अहवालातून काढा. काय कराल?” मी म्हटलं, “तथ्य चुकीचं असेल तर काढेन, त्यात कमीपणा नाही. भाषा बोचत असेल तर बदलेन. तथ्य बरोबर असेल तर मुद्दा राहील, शेजारी विभागाचं उत्तर छापलं जाईल. तरीही दबाव आला तर तुमच्याकडे येईन, कारण लेखापरीक्षण समितीपर्यंत जायचा रस्ता तुमच्याकडे आहे.” ते नुसतं लिहून घेत होते, चेहऱ्यावरून काही कळेना.

खरी परीक्षा घेतली ती त्या बाईंनी. “तुम्ही लोक आलात की आमची आठवडाभराची कामं पडतात. शेवटी अहवालात काय, तर फाइलवर तारीख नाही. ह्याचा आम्हाला उपयोग काय?”

मला त्यांचं म्हणणं पटत होतं आणि मी ते तसं सांगितलं. देयक शाखेत असताना मीही असे अहवाल घेतले होते. मी म्हणाले की तारीख नसल्याने काय बिघडू शकतं हे ऑडिटरला सांगता येत नसेल तर तो मुद्दा अहवालात येऊच नये. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत खर्च नियमात बसला का एवढंच विचारून भागत नाही. काटकसर झाली का, तेवढ्या पैशात जास्तीत जास्त काम झालं का आणि ज्यासाठी केलं ते साधलं का, हे तीन प्रश्न विचारले तर विभागाच्याही हाती काही लागतं. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, “आणि शिफारस आम्ही नाकारली तर?” नाकारायचा हक्क त्यांना आहे, असं मी म्हटलं. जोखीम व्यवस्थापनाची असते, ऑडिटची नाही. फक्त ती संस्थेला पेलणारी नसेल तर प्रमुखांना ते आधी वरिष्ठ व्यवस्थापनाकडे आणि तिथे सुटलं नाही तर समितीपुढे न्यावं लागतं.

निवड झाल्याचं तोंडी कळल्यापासून आदेश हातात येईपर्यंतचा काळ लांबला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सरकारी कागद सरकारी गतीनेच चालतात. त्या काळात भरलेल्या कागदांत एक हितसंबंधांचं घोषणापत्र होतं. नातेवाईक पुरवठादार आहेत का, कुठे भागीदारी आहे का, आणि गेल्या बारा महिन्यांत कुठल्या कामाची जबाबदारी तुमच्यावर होती. शेवटच्या प्रश्नापुढे मी ‘देयक शाखा’ लिहिलं. मानकांप्रमाणे ज्या कामाची जबाबदारी बारा महिन्यांच्या आत आपल्यावर होती, त्याचं ऑडिट आपणच केलं तर वस्तुनिष्ठता बाधित झाली असं धरलं जातं. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या आराखड्यात देयकांचं ऑडिट आमच्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्याकडे गेलं आणि मला भांडार मिळालं, जिथे मी त्याआधी पाऊलही टाकलं नव्हतं.