तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशातले रंग कोण ठरवतं?

सोलापूर जिल्ह्याच्या आकडेवारीचे नकाशे मी वेबवर मांडते. ते पाहून ग्रामसेवक असोत की शाळामास्तर, विचारतात एकच: "आमचा तालुका फिका आणि शेजारचा गडद, हे ठरवतं कोण?"

मी ठरवते. आकडे जनगणनेचे असतात, पण कुठल्या आकड्यापाशी रंग बदलायचा ती रेघ नकाशा करणारा ओढतो. ती कुठे ओढलीय हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे आणि त्याला ती हलवताही आली पाहिजे. वेबवरच्या नकाशांवर माझा जीव आहे तो याचसाठी.

आपल्या जिल्ह्याचे 11 तालुके घ्या. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 43,17,756. सगळ्यात मोठा उत्तर सोलापूर, साडेदहा लाखांच्या आसपास. सगळ्यात लहान मंगळवेढा, दोन लाखांच्या किंचित वर. या दोन टोकांत सारख्या अंतराचे पाच टप्पे पाडले, तर उत्तर सोलापूर एकटा गर्द होतो, बाकीचे दहाही तालुके सगळ्यात फिक्या दोन छटांत जातात आणि मधल्या दोन छटा कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. आता टप्पे असे पाडा, की प्रत्येकात साधारण सारखेच तालुके पडतील. लगेच माळशिरस उत्तर सोलापूरच्या रंगात जाऊन बसतो, लोकसंख्या त्याच्या निम्म्याहून कमी असताना! आकडा मात्र एकही बदललेला नाही.

फ्रान्समध्ये गणितज्ञ शार्ल द्युपँ यांनी 1826 मध्ये शिक्षणाचं प्रमाण दाखवायला प्रांतांना कमी-जास्त काळ्या छटा दिल्या. तेव्हापासून छापील नकाशात जे टप्पे पडले ते पडले. वाचणाऱ्याच्या हाती काही नव्हतं. आज वेबवर नकाशे करायला लीफलेटसारखं फुकट मिळणारं साधन आहे, तालुक्यांच्या सीमांची फाइल आणि आकड्यांचा तक्ता जोडला की काम उभं राहतं. म्हणून टप्पे बदलायचं बटण न देता नुसता रंगवलेला नकाशा वेबवर टाकणं मला पटत नाही. तालुक्यावर बोट ठेवलं की मूळ आकडा दिसायलाच हवा.

तरी एक गोष्ट बटणानेही सुटत नाही. रंग अख्ख्या तालुक्याला एकच लागतो. उत्तर सोलापूरच्या त्या गर्द रंगात सोलापूर शहराचीच 9,51,558 माणसं आहेत, आणि तोच रंग तालुक्यातल्या वडाळा गावाच्या शिवारावरही पसरतो. म्हणून मी शहराची सीमा वेगळी काढते. शहर बाजूला ठेवलं की तालुक्यात जेमतेम लाखभर माणसं उरतात, आणि जिल्ह्यातला सगळ्यात गडद तालुका सगळ्यात फिका होतो.