शब्बाथआधी उत्तर गेलं पाहिजे: शेन्झेनची सर्किट बोर्ड फेरी

इस्राएलमध्ये घरातूनच चालणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक्स धंद्यासाठी चीनमधल्या शेन्झेनची फेरी एका आठवड्यात बसते. शनिवारी रात्री हव्दाला, म्हणजे शब्बाथ (शुक्रवारी सूर्यास्तापासूनचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्यात विजेचं बटणही दाबत नाहीत) संपवणारी प्रार्थना, झाली की तेल अवीवहून निघायचं आणि पुढच्या शुक्रवारी दुपारी हाँगकाँगला टेकायचं. या फेरीचं काम एकच होतं: चार थरांचे १०० बोर्ड, ८० × ६० मिमी, जाडी १.६ मिमी, आणि त्यांवर बसणारे सुटे भाग.

तारखा काढताना दोन्ही पंचांगं शेजारी ठेवा. ज्यू आणि चिनी महिने दोन्ही चंद्रावर चालतात, त्यामुळे सुक्कोथ, म्हणजे ज्यूंचा मांडवांचा सण, आणि चीनचा मध्यशरद सण बरेचदा एकाच पौर्णिमेला येतात. २०२५ मध्ये मध्यशरद सण ६ ऑक्टोबरला आला आणि त्याच संध्याकाळी सुक्कोथ सुरू झाला. आपली कोजागिरीही त्याच दिवशी होती. त्याआधी २ तारखेला उपासाचा योम किप्पूर, म्हणजे बेने इस्राएलांच्या (मराठी ज्यूंच्या) जुन्या बोलीतला दार फळणीचा सण, आणि चीनची राष्ट्रीय सुट्टी १ ते ८. असा महिना बोर्डांच्या कामातून सोडूनच द्यावा. चिनी नववर्ष २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. कारागीर गावी जाण्याआधी, निदान तीन आठवडे, ऑर्डर आत गेलेली असावी.

सोमवार-मंगळवार हुआच्यांगबेईत, शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. बाजार सकाळी दहाच्या सुमारास उघडतो, संध्याकाळी सहापर्यंत आवरतो. ०६०३ मापाच्या रेझिस्टरची पूर्ण रीळ ५,००० ची असते. सुटी पट्टी घेतलीत तर पुढे भाग बसवणाऱ्या यंत्राच्या फीडरला धरायला ३०-४० सेंटिमीटर जास्तीची मागा, नाहीतर यंत्रावर चढत नाही. आयसी (चिप) मात्र जपून. कापसाच्या बोळ्याला अॅसिटोन लावून वरची छपाई घासा. काळा रंग बोळ्यावर उतरला तर माल घासून पुन्हा छापलेला आहे. पायांवर जुन्या कथिलाचे डाग असतील किंवा एकाच रिळीत दोन वेगळे डेट कोड (बनावटीच्या तारखेचे आकडे) असतील, तरी नमस्कार करून पुढे जा. महागडी आयसी गल्ल्यावर घेऊच नये, अधिकृत वितरकाकडूनच घ्यावी. बाजारातून कनेक्टर, केबल, बटणं, डबे घ्यावेत.

बुधवार-गुरुवार बाओआन भागातल्या कारखान्यासाठी. मेट्रोची ११ नंबरची लाइन फुयोंग, शाजिंगपर्यंत नेते. जेवणाचा आग्रह होतोच. आदल्या दिवशीच वीचॅटवर कळवा की आम्ही फक्त काशेर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांत बसणारं, खातो. कोणाला वाईट वाटत नाही. सोबत मात्झा (बिनखमिराची कडक पोळी), ट्यूनाचे डबे आणि न कापलेली फळं ठेवा.

फायली निघण्याआधीच तपासलेल्या हव्यात. गर्बर (बोर्डाच्या थरांचे नकाशे) आरएस-२७४एक्स प्रकारची, भोकांची ड्रिल फाइल वेगळी, आणि दोन्ही एकत्र व्ह्यूअरमध्ये उघडून पाहिलेल्या. ड्रिलमधल्या शून्यांची पद्धत चुकली तर भोकं दहापट दूर पडतात. यूएसबी कनेक्टरच्या लांबट खाचा वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि नेमक्या पाठवायच्या राहतात. पॅनेल, म्हणजे बोर्डांचा एकसंध पत्रा, २ × ३, मध्ये तोडण्यासाठी व्ही-कट खाच, दोन बाजूंना ५ मिमीची पट्टी, म्हणजे १७ पॅनेलांत १०२ बोर्ड. बाद बोर्डावर फुली मारलेलं पॅनेल चालणार नाही, हे ऑर्डरमध्येच लिहा. यूएसबीच्या दोन रेघांच्या जोडीला ९० ओहम इम्पिडन्स (वेगवान संकेताला होणारा विरोध) हवा एवढंच सांगा. रेघेची रुंदी त्यांना त्यांच्या थरांप्रमाणे काढू द्या.

खरा घोळ होतो तो शुक्रवारी. फाइल तपासणारा इंजिनिअर शंका लिहून पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवतो. चीनमध्ये संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा इस्राएलमध्ये हिवाळ्यात सकाळचे अकरा असतात, घरात शब्बाथचा ‘हल्ला’ पाव भट्टीत आणि मुलं शाळेतून परतायच्या बेतात. त्या तासाभरात उत्तर गेलं नाही की तिकडचा दिवस संपतो आणि इकडे शब्बाथ लागतो. रविवारी आपण कामावर असतो, पण तिकडे सुट्टी. बोर्ड थेट सोमवारी हलतो; एका ओळीच्या उत्तरापायी तीन दिवस जातात.

ठरलेली शंका अशी: ०.५ मिमी पिचची (दोन पायांतलं अंतर) क्यूएफएन प्रकारची चपटी आयसी, तिच्या दोन पॅडमध्ये (पाय डकवायच्या जागांमध्ये) ०.२ मिमी जागा. मास्क (सोल्डर अडवणारा बोर्डावरचा रंगाचा थर) दोन्हीकडे ०.०५ ने उघडला की मधे ०.१ ची भिंत उरते. हिरवा मास्क ती धरतो, काळा सहसा धरत नाही. मग विचारतात, भिंत काढू का? हो म्हटलंत तर सोल्डर दोन पायांना जोडतं आणि बोर्ड हाताने दुरुस्त करत बसावं लागतं. म्हणून मास्क हिरवाच ठेवा. फायलींसोबत एक पानी टिपण द्या: इम्पिडन्ससाठी रेघ १० टक्क्यांपर्यंत बदलायला परवानगी, डेट कोड खालच्या बाजूला, मास्कची भिंत काढायची नाही. या तीन ओळींनी बहुतेक शंका येतच नाहीत. ऑर्डर सोमवार ते बुधवारच द्या, म्हणजे शंका गुरुवारच्या आत येते.

शुक्रवारी दुपारी बाराच्या आत शेन्झेनच्या फुतियान स्थानकाहून हायस्पीड रेल्वेने हाँगकाँगचं वेस्ट कौलून गाठा. हाँगकाँगहून पुन्हा शेन्झेनला यायचं असेल तर व्हिसा दोन प्रवेशांचा हवा. शब्बाथला रॉबिन्सन रोडवरचं ओहेल लेआ सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर असेल असंच हॉटेल धरा. ते बांधणारे जेकब ससून मुंबईचे. काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉगही त्यांनीच १८८४ मध्ये बांधलं. खोली खालच्या मजल्यावर मागा, दिव्यासाठीचं जादा कार्ड खाचेत आधीच लावून ठेवा, आणि कुलूप इलेक्ट्रॉनिक असेल तर दार कोण उघडणार ते स्वागतकक्षात सूर्यास्ताआधी ठरवा.

बोर्ड व्हॅक्यूम पाकिटातच आणा आणि जोडणीच्या दिवसापर्यंत फोडू नका. पाकीट फुटलं असेल तर सोल्डरिंगआधी १०५ ते १२० अंशांवर दोन ते चार तास भाजा, नाहीतर ओल वाफ होऊन थर सुटतात. बिलाच्या दोन प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. इस्राएलमध्ये २०२५ पासून व्हॅट १८ टक्के आहे आणि कस्टममध्ये पहिली मागणी बिलाचीच होते.